जॉन लायनची शाळा आणि तिचे संसदपटू

शाळांच्या बक्षीस समारंभात एक वाक्य हमखास ऐकू येते. प्रमुख पाहुणे समोर सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या मुलांकडे हात करून म्हणतात, "उद्याचे मंत्री यांच्यातूनच निघणार आहेत." टाळ्या पडतात, मागच्या रांगेतली मुले एकमेकांना कोपरखळ्या मारतात आणि मंडळी चहापानाला उठतात. पण राज्यकर्ते शाळेतून नेमके निघतात कसे, हा प्रश्न त्या समारंभात कोणी विचारीत नाही. वाचकहो, हे वाक्य ज्या शाळेच्या बाबतीत वारंवार खरे ठरले, अशा एका शाळेची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावी असे मनात आहे.

ही शाळा म्हणजे इंग्लंडातील हॅरो. लंडनच्या वायव्येस सुमारे १० मैलांवर एक टेकडी आहे, तिच्या माथ्यावर सेंट मेरीचे जुने चर्च आहे आणि त्याच्या अंगाला ही शाळा. ब्रिटनचे सात पंतप्रधान येथे शिकले: स्पेन्सर पर्सिव्हल, लॉर्ड गोडरिच, सर रॉबर्ट पील, लॉर्ड ॲबर्डीन, लॉर्ड पामर्स्टन, स्टॅनली बाल्डविन आणि विन्स्टन चर्चिल. आठवे पंतप्रधान आपले, पंडित जवाहरलाल नेहरू. साध्या खासदारांची तर मोजदादच नको.

ही नावे वाचून कोणालाही वाटेल की शाळा एखाद्या राजाने किंवा बड्या सरदाराने काढली असेल. तसे मुळीच नाही. शाळा काढली ती जॉन लायन नावाच्या एका शेतकऱ्याने. हॅरोच्या परगण्यात प्रेस्टन म्हणून एक वाडी होती, तेथला हा खाऊन-पिऊन सुखी असा जमीनदार शेतकरी. त्याच्यामागे वारस उरणार नव्हता. १५७२ साली त्याने राणी एलिझाबेथ पहिली हिच्याकडून शाळेची सनद मिळविली आणि आपल्या व पत्नीच्या पश्चात जमिनीचे उत्पन्न शाळेला जावे अशी तजवीज केली. तो १५९२ साली वारला. शाळेची इमारत पुरी होऊन वर्ग भरू लागले ते १६१५ साली. म्हणजे आपली शाळा उभी राहिलेली त्याने डोळ्यांनी पाहिलीच नाही.

आपल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मालमत्ता अल्लाहच्या नावे बांधून टाकायची, तिचे उत्पन्न ठरलेल्या कामीच लावायचे आणि कारभार मुतवल्लीच्या हाती सोपवायचा, ही रीत आपल्या परिचयाची आहे. धर्म निराळा, कायदा निराळा, तरी लायनने केले ते वक्फाच्याच जातीचे काम होते. वक्फाबरोबर जे प्रश्न येतात तेही त्याच्यामागून यथावकाश आलेच.

त्याने शाळेसाठी बारीकसारीक नियम घालून दिले होते. पालकाने मुलाला कागद, शाई, लेखणी, पुस्तके आणि हिवाळ्यासाठी मेणबत्त्या द्याव्यात. शिवाय धनुष्यबाणही द्यावेत, कारण त्या काळी प्रत्येक इंग्रज मुलाला तिरंदाजी यावी अशी अपेक्षा होती. मुलींना शाळेत घेऊ नये असेही त्याने स्पष्ट लिहिले. (आपल्या संस्थांना मुलींच्या शाळा काढताना जे ऐकून घ्यावे लागले, ते ज्यांना आठवते त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की असले बोलणे एकट्या आपल्याच समाजाची मिरासदारी नव्हती.) मुख्य नियम मात्र असा, की हॅरो परगण्यातल्या मुलांना फुकट शिकवावे. त्याला जोडून एक बारीकशी फट ठेवलेली होती. गुरुजींनी वाटल्यास बाहेरगावची मुलेही फी घेऊन शिकवावीत.

या फटीतूनच पार्लमेंट आत आले. जमिनीच्या उत्पन्नातून गुरुजींना मिळणारा पगार बेताचा, आणि बाहेरच्या मुलांची फी हीच खरी कमाई. तेव्हा चांगला मुख्याध्यापक मिळायचा तर बाहेरची मुले हवीत, आणि बाहेरची मुले यायची तर ती बड्या घरचीच असणार. शिक्षण लॅटिन आणि ग्रीकचे. गावच्या चांभाराला, बेकरीवाल्याला, शेतकऱ्याला आपल्या मुलाने हिशेब शिकावा असे वाटे. लॅटिन कविता पाठ करून दुकान चालत नाही. गावची मुले कमी होत गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस उमरावांची मुले टेकडीवर गर्दी करू लागली आणि ज्या परगण्यासाठी शाळा निघाली तेथली मुले बोटांवर मोजण्याइतकी उरली.

गावकरी गप्प बसले नाहीत. १८०९ साली त्यांनी चॅन्सरी न्यायालयात फिर्याद गुदरली. शाळा आमच्या मुलांसाठी होती, विश्वस्तांनी ती श्रीमंतांच्या हवाली केली, असे त्यांचे म्हणणे. न्यायमूर्ती सर विल्यम ग्रँट यांनी १८१० साली शाळेच्या बाजूने निकाल दिला. फी देणारी मुले घेण्याची मुभा संस्थापकानेच ठेवलेली आहे, आणि गावच्या मुलांना दार बंद केलेले नाही. ती येत नाहीत याला कोण काय करणार? कायद्याच्या काट्यावर निकाल बरोबर असेलही. माझ्या मनाला तो पटत नाही. दार उघडे ठेवायचे आणि आत असे काही शिकवायचे की गरिबाला त्याचा उपयोग होऊ नये, ही दार लावून घेण्याचीच एक तऱ्हा आहे.

असो. आता त्या फी भरणाऱ्या मुलांकडे वळू.

त्यांतला सर्वांत चटका लावणारा विद्यार्थी सरदारपुत्र नव्हता. रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन हा डब्लिनच्या एका नटाचा मुलगा. आई-बाप कर्जापायी फ्रान्सला निघून गेले, आई तिकडेच वारली, आणि पोरगा हॅरोच्या वसतिगृहात. नटाचा पोर म्हणून बाकीची मुले त्याला हिणवीत. पुढे त्याने नाटके लिहून लंडन गाजविले आणि १७८० साली तो स्टॅफर्डचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात गेला. आपल्याला त्याची आठवण ठेवावयाची ती एका भाषणासाठी. वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल असताना अवधच्या बेगमांचा, म्हणजे नवाब आसफउद्दौला याच्या आईचा व आजीचा, खजिना फैजाबादेत जबरदस्तीने लुटून घेण्यात आला. त्यांचे विश्वासू कारभारी जवाहरअली खान आणि बहारअली खान यांना कैदेत टाकून त्यांचा छळ झाला. हे सारे १७८२ सालचे. ७ फेब्रुवारी १७८७ रोजी शेरिडन कॉमन्स सभेत उभा राहिला आणि या प्रकरणावर साडेपाच तासांहून अधिक बोलला. त्याचे भाषण संपल्यावर सभासदांनी ठरविले की आज मतदान नको. या भाषणाच्या अमलाखाली असताना शांत चित्ताने निर्णय घेता येणार नाही. दुसऱ्या दिवशी हेस्टिंग्जवर तो आरोप ठेवण्याचा ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला. १७८८ च्या जूनमध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमधील खटल्यात तो याच विषयावर चार दिवस बोलला.

शेरिडन हिंदुस्थानात कधी आला नव्हता. फैजाबादच्या पडद्यातल्या त्या दोन वृद्ध स्त्रिया त्याच्या कोणी लागत नव्हत्या. या भाषणामागे पक्षाचे राजकारण होते, हे लपविण्याचे कारण नाही. तरीही एका परक्या मुलखातल्या मुसलमान स्त्रियांवरील अन्यायाची दाद जगातल्या सर्वांत बलाढ्य सभेत इतक्या जोराने मागितली गेली, ही गोष्ट लहान नव्हे. हेस्टिंग्ज १७९५ साली निर्दोष सुटला. शेरिडन १८१२ साली निवडणूक हरला, आणि खासदारकीबरोबर कर्जापायी होणाऱ्या अटकेपासूनचे संरक्षणही गेले. सावकारांनी वेढलेल्या स्थितीत तो १८१६ साली मेला.

याच शाळेने हिंदुस्थानला दुसऱ्या प्रकारची माणसेही दिली. मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज (हा वॉरनचा कोणी नव्हे) हॅरोचा विद्यार्थी, आधी आयर्लंडच्या पार्लमेंटचा सभासद. त्याच्या गव्हर्नर जनरलपदाच्या कारकिर्दीत १८१८ साली पेशवाई बुडाली. लॉर्ड डलहौसीही हॅरोचाच. १८३७ साली तो कॉमन्समध्ये निवडून आला, पुढल्याच वर्षी वडिलांच्या मृत्यूमुळे उमराव सभेत गेला, पीलच्या सरकारात त्याने व्यापार खाते सांभाळले आणि १८४८ साली तो कलकत्त्याला येऊन पोहोचला. त्याच वर्षी साताऱ्याचे राज्य खालसा झाले; मग नागपूर, झाशी, आणि १८५६ साली अवध. ज्या अवधच्या बेगमांसाठी हॅरोचा एक विद्यार्थी घसा फोडून बोलला, ते अवध हॅरोच्याच दुसऱ्या विद्यार्थ्याने गिळले. साताऱ्याच्या गादीसाठी रंगो बापूजी गुप्ते १८४० पासून सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये अर्जविनंत्या करीत राहिले. त्या पार्लमेंटात साताऱ्याचा एकही प्रतिनिधी नव्हता. दुसऱ्याच्या तोंडून बोलावे लागते तेव्हा काय होते, हे त्यांना विचारायला हवे होते.

आता त्या काळी ही मुले पार्लमेंटात जात कशी, तेही पाहू. १७९५ ते १८०० या वर्षांत डॉ. जोसेफ ड्रुरी मुख्याध्यापक असताना पामर्स्टन, ॲबर्डीन आणि गोडरिच हे तिघे भावी पंतप्रधान एकाच शाळेत होते. ते बाहेर पडण्याच्या सुमारास चौथा, पील, आत आला. हा चमत्कार वाटतो. पण त्याचे रहस्य वर्गात जेवढे होते तेवढेच मतदारसंघांत होते. पील शिकून बाहेर पडला तेव्हा त्याच्या गिरणीमालक बापाने त्याला आयर्लंडमधील कॅशेलची जागा मिळवून दिली. तेथे मतदार मूठभर. पामर्स्टन १८०७ साली वाइट बेटावरील न्यूपोर्टचा प्रतिनिधी झाला, आणि जागेच्या मालकाची अट अशी, की प्रतिनिधीने मतदारसंघात निवडणुकीलासुद्धा पाऊल टाकू नये! न जाणो, मतदारांशी त्याची ओळख व्हायची आणि मालकाची किंमत उतरायची. आपल्याकडले काही लोकप्रतिनिधी निवडून आल्यावर मतदारसंघात फिरकत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. पामर्स्टनवर तर तसे बंधनच होते.

म्हणजे दार बापाच्या पैशाने उघडे. आत गेल्यावर काय बोलायचे, आणि कसे, एवढाच भाग शाळेचा. पण तो भाग शाळेने मनापासून केला, हे कबूल केलेच पाहिजे. ड्रुरीचा भर वक्तृत्वावर होता. वर्षातून ठरलेल्या दिवशी पालक आणि पाहुण्यांसमोर मुलांनी उभे राहून पाठ केलेली भाषणे म्हणायची अशी प्रथा होती. १८०४ च्या जुलैत असा समारंभ झाला. त्यात व्हर्जिलच्या लॅटिन महाकाव्यातील प्रसंग मुलांनी सादर केला. राजा लॅटिनसच्या भूमिकेत लॉर्ड बायरन, पुढे कवी म्हणून जगप्रसिद्ध झालेला. आणि योद्धा टर्नसच्या भूमिकेत रॉबर्ट पील. दोघे एकाच वर्षी, १७८८ साली, जन्मलेले. बायरन पायाने अधू, हूड आणि अभ्यासात लहरी. पील शांत, धडा कधी न चुकणारा. शाळेच्या जुन्या खोलीतील लाकडी भिंतींवर मुलांनी चाकूने कोरलेल्या नावांत या दोघांची नावे आहेत, शेरिडनचेही आहे. (आमच्या शाळेत बाकावर नाव कोरल्याबद्दल छडी मिळे. नाव कोणाचे होईल हे कोरताना कळत नाही, हीच अडचण.)

आठ वर्षांनी हे दोघे संसदेत होते. बायरन उमराव सभेत, पील कॉमन्समध्ये. २७ फेब्रुवारी १८१२ रोजी बायरनने आपले पहिले भाषण केले. नॉटिंगहॅमचे मोजे विणणारे कारागीर नव्या यंत्रमागांमुळे उपाशी मरत होते आणि त्यांनी माग फोडावयास सुरुवात केली होती. माग फोडणाऱ्याला फाशी देण्याचा कायदा सरकारने आणला. त्या वेळी पंतप्रधान होता स्पेन्सर पर्सिव्हल, तोही हॅरोचाच. बायरनने कारागिरांची बाजू घेऊन कायद्याला विरोध केला. कायदा अर्थातच संमत झाला. भिवंडी-मालेगावच्या वाचकांना या भाषणाचा विषय परका वाटणार नाही. पर्सिव्हलचा मात्र त्याच वर्षी ११ मे रोजी पार्लमेंटच्या दालनातच एका माथेफिरू फिर्यादीने गोळी घालून खून केला.

बायरनचे दुसरे भाषण एप्रिल १८१२ मधले. ते आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. त्या काळी ब्रिटनमध्ये रोमन कॅथलिक माणसाला पार्लमेंटात बसता येत नसे. सभासदाला जी शपथ घ्यावी लागे तिच्यात कॅथलिक धर्माची तत्त्वे नाकारावी लागत. म्हणजे मतदार असला, मालमत्ता असली, बुद्धी असली, तरी धर्म सोडल्याखेरीज सभागृहाचे दार उघडत नसे. बायरनने कॅथलिकांना हक्क द्यावेत म्हणून भाषण केले. पील त्याच्या नेमका उलट. त्याने आयर्लंडचा कारभार पाहिला आणि कॅथलिकांना विरोध करण्यात तो इतका कडवा ठरला की लोकांनी प्रोटेस्टंटांच्या नारिंगी निशाणावरून त्याला 'ऑरेंज पील' असे नाव ठेवले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याला निवडून दिले ते याच कडवेपणाबद्दल.

१८२८ साली आयर्लंडातील क्लेअर परगण्याने डॅनियल ओकॉनेल या कॅथलिक वकिलाला निवडून दिले. निवडून आला खरा, पण शपथ घेता येईना. आयर्लंड पेटण्याची चिन्हे दिसू लागली. पील त्या वेळी गृहमंत्री होता. आपण पंधरा-सोळा वर्षे जे सांगत आलो ते आता चालणार नाही, हे त्याने ओळखले आणि १८२९ साली कॅथलिकांना पार्लमेंट खुले करणारा कायदा कॉमन्स सभेत त्यानेच मांडला. मित्रांनी विश्वासघातकी म्हटले. त्याने आधी राजीनामा देऊन ऑक्सफर्डच्या मतदारांना सामोरे जायचे ठरविले आणि तो तेथे पडला. दुसऱ्या एका खिशातल्या मतदारसंघातून त्याला घाईघाईने परत यावे लागले. बायरन तोवर या जगात नव्हता. तो १८२४ साली ग्रीसमध्ये वारला होता. बायरनचे भाषण सुंदर होते, पण दार उघडले ते पीलने, आणि तेही मनाविरुद्ध. माझ्या मते हॅरोच्या साऱ्या संसदपटूंत पील हाच मोठा. १८४६ साली धान्यावरची आयात जकात उठवून त्याने पुन्हा आपल्याच पक्षाचा रोष ओढवून घेतला आणि त्यात त्याचे सरकार गेले.

तरीही हिशेब चोख मांडावा. १८२९ मध्ये एका हाताने कॅथलिकांना सभागृह खुले केले, त्याच वेळी दुसऱ्या हाताने आयर्लंडातील मतदारासाठी जमिनीच्या उत्पन्नाची अट ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेली. ज्या गरीब कुळांनी ओकॉनेलला निवडून दिले त्यांचीच मते गेली. निवडून येण्याचा हक्क मिळाला, निवडून देण्याचा गेला.

गरिबांच्या बाजूने आयुष्यभर लढलेला हॅरोचा विद्यार्थी म्हणजे लॉर्ड शाफ्ट्सबरी. शाळेत असताना त्याने टेकडीवर एका गरीब माणसाची अंत्ययात्रा पाहिली. खांदेकरी दारू प्यालेले, अर्वाच्य गाणी म्हणत चाललेले. त्यांच्या हातून शवपेटी निसटून पडली. मागे एकही नातेवाईक नाही. त्या दिवशी आपण गरिबांसाठी काम करावयाचे ठरविले असे तो सांगे, आणि त्या जागी आज तशी पाटी आहे. १८४२ साली त्याच्या प्रयत्नाने बायका आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना कोळशाच्या खाणीत उतरविण्यास बंदी झाली. गिरणीतील दहा तासांच्या कायद्यासाठी तो वर्षानुवर्षे झगडला; १८४७ साली कायदा झाला तेव्हा तो स्वतः कॉमन्समध्ये नव्हता, कारण धान्याच्या जकातीवर आपले मत बदलल्यामुळे त्याने प्रामाणिकपणे आदल्या वर्षी जागा सोडली होती. १८७० नंतरच्या दशकात म्हातारपणी त्याने उमराव सभेत मुंबईच्या गिरण्यांतील बायका-मुलांचा प्रश्न काढला. हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ साली झाला, त्यात सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई झाली. लँकेशायरच्या गिरणीमालकांना मुंबईच्या स्वस्त सुताची धास्ती होती म्हणून हा कळवळा, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. लँकेशायरच्या बाबतीत ते खरे असेल. शाफ्ट्सबरीच्या बाबतीत म्हणवत नाही. त्याने आधी लँकेशायरलाच धरले होते.

या सुमारास टेकडीखालच्या गावच्या मुलांची कोणाला तरी आठवण झाली. डॉ. व्हॉन या मुख्याध्यापकाने १८५३ साली दुकानदारांच्या मुलांसाठी वेगळा इंग्रजी वर्ग काढला आणि १८७६ साली त्यातून 'लोअर स्कूल ऑफ जॉन लायन' ही निराळी शाळा झाली. धाकटी शाळा, खालची शाळा! ज्यांच्यासाठी मूळ दान होते त्यांना तीनशे वर्षांनंतर वेगळ्या इमारतीत वेगळा वर्ग मिळाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७४ साली, इकडे मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी, कमरुद्दीन तय्यबजी आदी मंडळींनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली होती. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. आमच्या वाचकांना काळाचा अंदाज यावा म्हणून सांगितले.

विसाव्या शतकाकडे जरा भराभर येऊ. विन्स्टन चर्चिल १८८८ साली हॅरोत दाखल झाला. प्रवेश परीक्षेच्या लॅटिनच्या पेपरात आपण नाव आणि एक शाईचा डाग यांखेरीज काही लिहिले नाही, असे तो स्वतःच सांगे. त्याला सर्वांत खालच्या वर्गात टाकले. तेथे लॅटिन-ग्रीकच्या ऐवजी इंग्रजीच पुन्हा पुन्हा शिकवीत, आणि सॉमरवेल नावाच्या शिक्षकाने त्याच्याकडून वाक्यांची चिरफाड करवून घेतली. पुढच्या साऱ्या भाषणांचा पाया तोच, असे चर्चिलने मान्य केले आहे. एकदा पोहण्याच्या तलावाकाठी उभ्या असलेल्या एका बुटक्या मुलाला त्याने धाकटा समजून पाण्यात ढकलले. तो निघाला वरच्या वर्गातला लिओ ॲमेरी. हा ॲमेरी गोरखपूरला जन्मलेला. त्याच काळात या शाळेत मार्माड्यूक पिकथॉलही होता. तो पार्लमेंटात गेला नाही. इस्लाम स्वीकारून १९२० साली मुंबईला 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक झाला, पुढे निजामाच्या नोकरीत गेला आणि १९३० साली कुरआन शरीफचे त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते असेल.

जवाहरलाल नेहरू १९०५ साली हॅरोत आले आणि १९०७ साली केंब्रिजला गेले. १९०६ च्या आरंभी ब्रिटनमध्ये लिबरल पक्षाचे सरकार निवडून आले तेव्हा शिक्षकांनी वर्गात विचारले, नव्या सरकारची माहिती कोणाला आहे? साऱ्या वर्गात जवळजवळ पूर्ण मंत्रिमंडळाची नावे सांगू शकला तो एकटा हा हिंदी मुलगा. बाकीच्यांचे काका-मामा त्या सभागृहात बसत होते, त्यांना गरज वाटली नाही.

१९३३ ते १९३५ या काळात हिंदुस्थानच्या नव्या कायद्यावर पार्लमेंटात जी खडाजंगी झाली, तिच्यात कायद्याचा भार वाहणारे भारतमंत्री सॅम्युअल होअर हॅरोचे, त्यांच्या पाठीशी उभे असलेले बाल्डविन हॅरोचे, आणि प्राणपणाने विरोध करणारे चर्चिलही हॅरोचेच. ७ मे १९४० रोजी ॲमेरीने कॉमन्समध्ये आपल्याच पक्षाच्या चेंबरलेनला खुर्ची सोडा असे तोंडावर सांगितले. तीन दिवसांनी चर्चिल पंतप्रधान झाला आणि त्याने ॲमेरीला भारतमंत्री केले. १९४३ साली बंगालमध्ये भूक माजली, वीस ते तीस लाख माणसे मेली. ॲमेरी धान्याची जहाजे मागत राहिला. चर्चिलच्या युद्धमंत्रिमंडळाने त्यातले फारच थोडे दिले. तलावात ढकलले गेलेल्या मुलाचे याही वेळी चालले नाही. दोघांनी एकाच शाळेत एकच लॅटिन घोटले होते. भुकेल्यांच्या बाजूने कोण उभे राहील, हे त्यावरून ठरले नाही.

त्या वेळी हॅरोचा तिसरा विद्यार्थी आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात होता. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीला मुंबईत पकडून तेथे आणले, आणि नेहरूंना मार्च १९४५ पर्यंत तेथेच ठेवले. चर्चिल पंतप्रधान, ॲमेरी भारतमंत्री, नेहरू कैदी. त्याच किल्ल्यात काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते; असफ अली होते, डॉ. सय्यद महमूद होते. आझाद मक्केत १८८८ साली जन्मलेले, म्हणजे चर्चिल हॅरोत दाखल झाला त्याच वर्षी. ते कोणत्याही इंग्रजी शाळेत गेले नव्हते. वडील मौलाना खैरुद्दीन यांनी घरीच तालीम दिली. कैदेत असतानाच एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या बेगम झुलेखा कलकत्त्याला वारल्या. शेवटची भेट झाली नाही. त्या किल्ल्यात नेहरूंनी हिंदुस्थानच्या इतिहासाचे मोठे पुस्तक इंग्रजीत लिहिले आणि आझादांनी 'गुबार-ए-खातिर'ची पत्रे उर्दूत लिहिली. टेकडीवरच्या शाळेत शिकलेला आणि शाळाच न पाहिलेला, असे हे दोघे रोज एकत्र बसत. आणि नेहरूंनी आपल्या पुस्तकात आझादांच्या विद्वत्तेचे ऋण मानले आहे.

पहिल्या लोकसभेत १९५२ साली दोघेही निवडून आले, आझाद रामपूरहून. शाळेचे तोंड न पाहिलेले मौलाना १९४७ पासून २२ फेब्रुवारी १९५८ रोजी झालेल्या मृत्यूपर्यंत स्वतंत्र भारताचे शिक्षणमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत खरगपूरची तंत्रशिक्षण संस्था निघाली, विद्यापीठ अनुदान आयोग आला.

कॉमन्स सभेत अलीकडे चित्र पालटले आहे. देशातील सुमारे सात टक्के मुलेच खाजगी फीच्या शाळांत जातात. २०२४ साली निवडून आलेल्या सभासदांत अशा शाळांतून आलेले जवळजवळ एक चतुर्थांश होते, म्हणजे अजूनही वाट्यापेक्षा पुष्कळ अधिक, पण पूर्वीच्या मानाने कमी. १९९७ साली ग्लासगोहून निवडून आलेले पहिले मुसलमान सभासद मोहम्मद सरवर हे फैसलाबादजवळच्या खेड्यात जन्मलेले दुकानदार होते.

जॉन लायनच्या दानाचा एक तुकडा सांगावयाचा राहिला. शाळेखेरीज त्याने आणखी थोडी जमीन निराळी काढून ठेवली होती, ती हॅरोहून आणि एजवेअरहून लंडनला जाणारे रस्ते दुरुस्त राखण्यासाठी. चिखलात गाड्या रुतत असत, हे शेतकऱ्याच्या ध्यानात होते. लंडन वाढत गेले, त्या शेतांवर मेडा व्हेलची श्रीमंत वस्ती उभी राहिली, भाड्याचे उत्पन्न फुगले. पण अट रस्त्याची, म्हणून शाळेला त्यातला छदामही मिळेना. चारशे वर्षे तो पैसा खडी-डांबरात गेला. रस्ते सरकारचे झाले होते, तेव्हा १९९१ साली त्या उत्पन्नाचा विनियोग बदलण्यात आला. आता ते लंडनच्या नऊ भागांतील मुलांच्या आणि तरुणांच्या शिक्षणासाठी व उपक्रमांसाठी दिले जाते. त्या नऊ भागांत हॅरो आहे, ब्रेंट आहे. तेथे गुजराती, पाकिस्तानी, सोमाली कुटुंबांची दाट वस्ती आहे, आणि त्यांची मुले टेकडीखालच्या सरकारी शाळांत शिकतात.